वाकडं पाऊल: ऑपरेशन नेमकं कोणाला लागतं?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून मुलांना घेऊन येणारे आईवडील बसायच्या आधीच विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन करावं लागेल का?" पाऊल किती वाकडं दिसतं, यावर आम्ही ते ठरवत नाही. तीन गोष्टी बघतो: पाऊल हाताने किती सरळ होतं, दुखतं का आणि मुलाचं वय काय.

आधी सपाट पाऊल घेऊ. लहान मुलांची पावलं बहुधा सपाटच असतात. कमान पहिल्या आठ-दहा वर्षांत हळूहळू तयार होते. मुलाला चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. कमान दिसली, टाच आत वळली, म्हणजे पाऊल लवचीक आहे. ते दुखत नसेल तर ऑपरेशन नको, महागडे बूटही नकोत; बुटांनी कमान तयार होत नाही. पण पाऊल ताठच राहिलं किंवा दुखत असलं, तर एक्स-रे काढावा लागतो. कधी पावलातली दोन हाडं जन्मतःच जोडलेली सापडतात. तिथेही आधी विश्रांती, इनसोल, प्लास्टर. एवढं करूनही दुखणं थांबलं नाही, तरच ऑपरेशनचा विचार.

आता क्लबफूट, म्हणजे जन्मतः आत वळलेलं पाऊल. साधारण हजार बाळांत एकाला हे असतं. ते हाताने सहज सरळ होत असेल, तर पोटातल्या स्थितीमुळे वळलेलं असतं आणि बहुधा आपोआप सुधारतं. होत नसेल, तर "मोठा झाला की बघू" हे चालत नाही. पण म्हणून लगेच मोठं ऑपरेशनही लागत नाही.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांची पद्धत आता जगभर वापरतात. दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, असं साधारण पाच-सहा वेळा. मग बहुतेक बाळांच्या टाचेमागची शीर लहानशा छेदातून सैल करावी लागते, आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे राहतं.

खरी परीक्षा पुढे असते. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालायचे. पाऊल सरळ दिसलं की घरचे बूट सोडतात, आणि ते पुन्हा वळतं. म्हणून आम्ही आधीच विचारतो: आईवडील दोघंही पहाटेच्या लोकलने कामाला जात असतील, तर बूट कोण घालणार? आजीलाही शिकवायला आणा.

पाऊल पुन्हा वळलं तर आधी पुन्हा प्लास्टर. तीनेक वर्षांनंतर पाऊल हाताने सरळ होतं, पण चालताना आत वळतं, अशा मुलाला एका शिरेची जागा बदलण्याचं ऑपरेशन उपयोगी पडतं. हाडांचं ऑपरेशन मोठ्या वयातल्या ताठ पावलांसाठी.

खर्चाची काळजी असेल तर लक्षात ठेवा: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरहून सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. त्याच्या यादीत क्लबफूट आहे आणि उपचार मोफत आहेत. सरकारी रुग्णालयात किंवा अंगणवाडीत चौकशी करा, बाळ काही दिवसांचं असतानाच.