बारीक मूल, जाड मूल आणि गावाचा कारभार

संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची एक कथा आहे. राजा द्रोणभर तांदळाचा भात खाई आणि धापा टाकीत भगवान बुद्धांच्या दर्शनास येई. भगवंतांनी त्याला मिताहाराची गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली, रोज जेवणाच्या वेळी म्हणावयास सांगितली आणि त्यासाठी दररोज शंभर कार्षापण ठरवून दिले. पुढे राजाचा आहार नाळीभर तांदळावर आला. उपदेशाइतकीच व्यवस्थाही तेथे होती, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. माणूस ठरला, वेळ ठरली, पैसाही ठरला.

मुलांच्या लठ्ठपणाचा विषय काढला की आपले बांधव हसतात. वस्तीतली पोरे काडीसारखी, लठ्ठपणा बंगलेवाल्यांचा, असे म्हणतात. ही समजूत चुकीची आहे, आणि तिचा पुरावा आपल्याच जिल्ह्यातला आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकार्य डॉ. बानू कोयाजी यांनी उभे केले. त्याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर मातांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी पावणेतीन किलोच्या आत होते. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार! असे मूल पुढे झपाट्याने वजन धरू लागले की त्याला मधुमेहाचा धोका अधिक. ज्या माता पालेभाजी व फळे वरचेवर खात, त्यांची बाळे अधिक वजनाची होती, हेही याच अभ्यासात दिसले. म्हणजे कुपोषण आणि लठ्ठपणा ही एकाच दुखण्याची दोन टोके आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील जादा वजनाची मुले २०१५-१६ मध्ये शेकडा १.९ होती, ती २०१९-२१ मध्ये ४.१ झाली. त्याच वेळी शंभरातील पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी होती.

भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झाल्या, कालव्याच्या पाण्यावर ऊस आला. आईबाप पाळीवर गेले की पोराच्या हातात पाच-दहा रुपये येतात आणि टपरीवर तळलेल्या पदार्थांची पुडी मिळते. आईला दोष देणे सोपे आहे. पण तिच्या मुलाचे वजन अंगणवाडी घेते, ती महिला व बालकल्याण खात्याची. शाळेतील दुपारचे जेवण शिक्षण खात्याचे. तपासणीचे पथक आरोग्य खात्याचे. शाळेत मीठ, साखर व चरबी जास्त असलेले पदार्थ विकू नयेत, असा शासन निर्णय ८ मे २०१७ रोजी निघाला. केंद्राच्या २०२० च्या नियमांनी फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत ही बंदी नेली. परंतु मुख्याध्यापकांची सत्ता फाटकापाशी संपते. टपरीची जागा ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या हद्दीतली, आणि पदार्थांची तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे. एका मुलाचे पाच दप्तरांत पाच तुकडे होतात.

हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहराने २०१३ च्या सुमारास हे तुकडे जोडावयास घेतले. शाळा, आरोग्य, क्रीडा, नगररचना या सर्व खात्यांवर मुलांच्या वजनाची जबाबदारी टाकली आणि गरीब वस्त्यांकडे अधिक लक्ष दिले. त्यांच्याएवढा पैसा आपल्या नगरपरिषदांकडे नाही, हे उघड आहे. पण अधिकार आहेत. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य, शिक्षण, महिला व बालविकास हे विषय पंचायतींच्या यादीत आहेत. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर आणि पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाचा असतो. तो पुष्कळदा कशावर जातो, हे ग्रामसभेत बसणाऱ्यांनी आठवून पाहावे.

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. अंगणवाडी सेविका, आशाताई, पंचायत सदस्य व गावकरी तिथे एकत्र बसू शकतात; खाती जोडण्याची ही तयार जागा आहे. महिन्यातून एकदा अंगणवाडीचे व शाळेचे वजन-उंचीचे आकडे शेजारी ठेवले, तर बारीक मूल आणि अचानक जाड होऊ लागलेले मूल दोन्ही दिसतील. शाळेच्या नळाला पिण्यालायक पाणी नसेल तर रंगीत थंड पेय विकत घेतले जाणारच. तेव्हा पाणी हाही याच समितीचा प्रश्न. टपरी मात्र उठवू नये, कारण टपरीवाला बहुधा आपलाच भाऊ असतो. त्याने भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळी ठेवावीत, एवढे ठरवून घेता येते.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्या मंडळींनी समितीच्या गेल्या तीन बैठकांचे इतिवृत्त मागावे. आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मुलांना वाटावयाच्या पुड्यांची यादी आपल्याच मंडळाच्या हातात आहे. तिच्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.