चार चाकांची घडण (लेखांक ८) : छप्पर शेवटपर्यंत नेलेली गाडी

१९८४ साली बीएमडब्ल्यू कंपनीतल्या मॅक्स राइसबॉक या तंत्रज्ञापुढे एक घरगुती अडचण उभी राहिली. मुलं लहान, सुट्टीला सहकुटुंब जायचं, आणि कंपनीच्याच ‘३ सीरिज’ सेडानच्या डिकीत सामान मावेना. त्यानं मोठी गाडी घेतली नाही. मागून ठोकलेली एक ३ सीरिज विकत घेतली, मित्राच्या गॅरेजात नेली आणि तिचं छप्पर मागच्या बंपरपर्यंत वाढवलं. मागचे खांब हलवले, वर उघडणारं दार बसवलं. गाडी पाहून कंपनीचे वरिष्ठ इतके खूश झाले की ती त्यांनी ठेवूनच घेतली. १९८७ मध्ये ‘३ सीरिज टूरिंग’ जगासमोर आली, ती याच गाडीवरून.

स्टेशन वॅगनचं सगळं शास्त्र राइसबॉकच्या या कामात आहे. गेल्या लेखांकात आपण सेडान पाहिली : इंजिनाचा एक कप्पा, माणसांचा दुसरा, सामानाचा तिसरा. वॅगनमध्ये दुसरा आणि तिसरा कप्पा एका छपराखाली येतात. तळ तोच, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तेच, चालवणाऱ्याची बैठक तीच. बदलतो तो मागच्या सीटच्या पाठीमागचा भाग. सामानाला जागा हवी म्हणून एसयूव्ही घेणाऱ्या प्रत्येकानं आधी हा घाट नीट पाहायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

२०१९ मध्ये बाजारात आलेल्या ३ सीरिजचे आकडे पाहू. सेडान ४.७०९ मीटर लांब, टूरिंगही तेवढीच. त्याच कंपनीची एसयूव्ही एक्स३, तिची २०१७ ची पिढी घेतली, तर ४.७०८ मीटर. म्हणजे पार्किंगमध्ये तिघींना सारखीच जागा लागते. सेडानच्या डिकीत ४८० लिटर, टूरिंगमध्ये ५००, एक्स३मध्ये ५५०. मागची सीट पाडली की टूरिंग १,५१० लिटरवर जाते आणि एक्स३ १,६०० वर. एक्स३ ही टूरिंगपेक्षा २० सेंटीमीटरहून अधिक उंच आणि वजनानंही बरीच जड आहे. एवढा पत्रा, एवढी काच, एवढं वजन जास्तीचं वाहायचं, आणि सामानाच्या हिशेबात पदरात पडतात सीट पाडल्यावरचे ९० लिटर.

आता सेडानची बाजू. ४८० आणि ५०० यांत फरक तो किती, असं कुणी म्हणेल. पण लिटरच्या आकड्यात दाराचा आकार येत नाही. सेडानच्या डिकीत ४८० लिटर पाणी मावेल, वॉशिंग मशीन मावणार नाही, कारण ते आत शिरायलाच वाट नाही. दोन फुटांची गणपतीची मूर्ती सेडानमध्ये डिकीत ठेवता येत नाही, ती कुणाच्या तरी मांडीवर येते. वॅगनमध्ये ती मागे उभी राहते आणि पुढे बसलेल्यांना वळून बघता येते. सायकल, ढोल, घडीचं टेबल, कुत्रा, सगळ्यांचं तेच. शिवाय सामान चढवायची कड कमरेच्या खालीच असते. जड बॅग छातीपर्यंत उचलावी लागत नाही, आणि टपावर सामान चढवून वर दोऱ्या आवळायचा व्यापही उरत नाही.

उंचीची खरी किंमत वळणावर कळते. अमेरिकेची सरकारी महामार्ग सुरक्षा संस्था गाडी उलटण्याचा धोका मोजताना एक सोपा भागाकार करते : डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. उत्तर जितकं मोठं तितकी गाडी स्थिर. साध्या मोटारींचं उत्तर साधारण १.३ ते १.५ येतं, एसयूव्हींचं १ ते १.३. हल्ली गाडी घसरू लागली की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरते, त्यामुळे उलटण्याचे प्रसंग पुष्कळ कमी झाले. पण गाडीचं झुकणं काही संपलेलं नाही. आंबेनळी घाटात मागच्या सीटवरच्या मुलाच्या पोटाला हा भागाकार सगळ्यांच्या आधी कळतो. उंच गाडीला झुकू द्यायचं नसेल तर स्प्रिंगा कडक कराव्या लागतात, आणि मग खड्डे अंगाला जाणवतात. वॅगन मुळातच बसकी, म्हणून तिला नरमाई आणि पकड दोन्ही राखणं सोपं जातं.

हवेचंही तसंच. गाडीच्या समोरच्या बाजूचं क्षेत्रफळ जितकं मोठं तितकी हवा जास्त ढकलावी लागते, आणि वेग वाढला की हा खर्च झपाट्यानं चढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलं की हवेशी झगडायला लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. वॅगनचं तोंड सेडानएवढंच असतं. तिची शेपटी मात्र एकदम तुटते, म्हणून हवेचा अडथळा सेडानपेक्षा किंचित जास्त होतो, तो मान्य करायला हवा. एसयूव्हीत तोंडही मोठं आणि शेपटीही तुटकी.

रस्त्यावर पायी चालणाऱ्यांचाही विचार यात आला पाहिजे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची कड एक मीटरहून उंच असेल, तर पादचाऱ्याचा जीव जाण्याची शक्यता, ७६ सेंटीमीटर किंवा त्याहून बुटक्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. आपल्या शहरांत फुटपाथ कुठे आहेत, हे आठवलं की हा आकडा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो.

इतके गुण असून वॅगन मागे का पडली? याचं उत्तर अमेरिकेत सापडतं, जिथे ती जन्मली आणि जिथे ती मारली गेली. रेल्वे स्टेशनवरून उतारू आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलात पोचवायला लाकडी सांगाड्याच्या गाड्या असत, ते तिचं मूळ. १९२९ मध्ये फोर्डनं मॉडेल ए स्टेशन वॅगन कारखान्यातून मोठ्या संख्येनं विकायला काढली. लाकडाला दर वर्षी व्हार्निश लागे, सांधे कुरकुरत. १९४६ मध्ये विलीजनं ब्रूक्स स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून पूर्ण पोलादी जीप स्टेशन वॅगन काढली, १९४९ मध्ये प्लिमथनं पोलादी सबर्बन काढली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं उपनगरातल्या अमेरिकन कुटुंबाची गाडी म्हणजे वॅगन असं समीकरण झालं. विलीजच्या त्या गाडीकडे आज पाहिलं तर एसयूव्हीची आजीच दिसते.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. १९७५ च्या कायद्यानं प्रत्येक कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी मायलेजवर बंधन घातलं. १९८५ पर्यंत मोटारींसाठी ते गॅलनला २७.५ मैलांवर, म्हणजे लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास गेलं. ‘हलक्या ट्रकां’साठी मापदंड वेगळा आणि सैल होता. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातही तो २०.७ मैलांवरच अडकला होता. १९७८ च्या कायद्यानं फार पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर कर बसवला, ट्रक त्यातून सुटले. शेतकरी आणि कारागीर यांना झळ बसू नये हा हेतू रास्त होता. पण कायद्याच्या लेखी वॅगन होती मोटार, आणि मिनिव्हॅन व एसयूव्ही होत्या ट्रक. कंपन्यांनी आपला फायदा ओळखला. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरच्या मिनिव्हॅन आल्या, मागोमाग जीप चेरोकी आली, १९९० मध्ये फोर्ड एक्सप्लोरर आली. जनरल मोटर्सच्या शेवटच्या अवाढव्य वॅगन टेक्सासमधल्या आर्लिंग्टन कारखान्यात बनत. १९९६ मध्ये त्या बंद झाल्या आणि तोच कारखाना ट्रक आणि मोठ्या एसयूव्ही बनवू लागला.

२००४ ची सुबारूची गोष्ट याहून बोलकी आहे. आउटबॅक ही उघड उघड वॅगन. कंपनीनं तिची उंची आणि इतर काही मापं थोडी बदलली आणि सरकारदरबारी तिची नोंद हलका ट्रक अशी करून घेतली. घाट तोच राहिला, वर्ग बदलला. गिऱ्हाइकानं वॅगन नाकारली असं सरसकट म्हटलं जातं, त्यावर माझा विश्वास नाही तो यामुळे. गिऱ्हाइकासमोर काय मांडायचं हे बऱ्याच अंशी नियमांनी ठरवलं.

आपल्याकडची हकीकत वेगळी, आणि तिचं केंद्र पुणे. १९९२ मध्ये तेव्हाच्या टेल्कोनं टाटा इस्टेट आणली. टाटामोबाइल पिकअपच्या पायावर उभी केलेली, डिझेलवर चालणारी, रुंद पाठीची ती गाडी त्या काळाच्या मानानं फार धीट होती. तिच्यानंतर मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेल कोर्सा स्विंग, स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी अशा एकामागून एक आल्या आणि गेल्या. २००४ मध्ये टाटांनी इंडिगो मरीना आणली. यातली एकही वाईट गाडी नव्हती. पण स्वतंत्र डिकी म्हणजे प्रतिष्ठा, ही समजूत आपल्याकडे घट्ट होती, आणि अँबॅसिडरचा लांब छपराचा अवतार लोकांनी ॲम्ब्युलन्स म्हणून पाहिलेला होता.

त्यावर २००६ चा अर्थसंकल्प आला. ४ मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. सेडानवाल्यांनी शेपटी छाटली. २००८ ची इंडिगो सीएस तशीच बेतलेली होती. वॅगनची शेपटी छाटली तर उरते हॅचबॅक, तिचं असणंच त्या लांबीत आहे. कायद्यानं लांबीला कुंपण घातलं आणि वरची दिशा मोकळी सोडली, म्हणून गाड्या वर वाढल्या. ज्या पुणे परिसरात इस्टेट घडली, तिथेच रांजणगावला २०१७ पासून ४ मीटरच्या आतली नेक्सॉन बनते आहे. २०२५ च्या सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले, लहान गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के झाले, पण ४ मीटरची रेघ तिथेच आहे.

मात्र भारतात सगळा दोष करावर टाकता येत नाही. २०१३ मध्ये लांब, मोठ्या इंजिनाच्या आणि १७० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त ग्राउंड क्लिअरन्सच्या गाड्यांवर शुल्क २७ वरून ३० टक्के केलं, तरी लोकांनी उंचीच पसंत केली. त्याला कारण आपले रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे अगदी सौम्य चढ-उताराचा हवा. गल्लीगल्लीत डांबर ओतून केलेले टेंगूळ आपण रोज पाहतो. लांब आणि बसक्या गाडीचं पोट त्यावर घासतं, भरलेल्या वॅगनचं तर नक्कीच. पावसाळ्यात तुंबलेलं पाणी, गावाकडचा उखडलेला रस्ता, गुडघे दुखणाऱ्या आईला सीटवर सरळ बसता येणं, ही एसयूव्हीची सोय खोटी नाही. यातल्या बऱ्याचशा अडचणींवर उपाय वॅगनच्या घाटातही आहे. २०१७ मध्ये व्होल्वोनं भारतात आणलेल्या व्ही९० क्रॉस कंट्रीचं पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर वर होतं, आणि तरी ती दिसायला, चालवायला वॅगनच होती. किंमत होती ६० लाख. तो उपाय १५ लाखांत कुणी देऊ केलेला नाही, ही माझी खरी तक्रार.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे हवेचा हिशेब पुन्हा महत्त्वाचा झाला आहे, कारण बॅटरी वाढवणं महाग पडतं आणि अडथळा कमी करणं त्यामानानं स्वस्त. युरोपात फोक्सवॅगननं आयडी.७ टूरर आणि बीएमडब्ल्यूनं आय५ टूरिंग २०२४ मध्ये विक्रीला काढल्या, चीनच्या निओनं त्याआधीच ईटी५ टूरिंग काढली होती. यातल्या कुठल्या आपल्याकडे परवडणाऱ्या किमतीत येतील अशी चिन्हं आज तरी दिसत नाहीत.

भारतात सामानापेक्षा माणसं जास्त, हेही वॅगनच्या आड आलं. कोकणात गणपतीला निघालेल्या घराला डिकीच्या आधी आठवी सीट लागते. ती १९९४ मध्ये सुमोनं दिली, २००० मध्ये क्वालिसनं, आणि मग २००५ मध्ये इनोव्हा आली. या गाड्यांनी वॅगनचं काम कसं उचललं, तिसऱ्या रांगेतल्या माणसाचे पाय त्यांनी कुठे ठेवले आणि सामानाचं काय केलं, ते पुढच्या आठवड्यात.