कोरडा झुणका, चिकट भात

सकाळी ६.३०

पाच गो तांदूळ. गो म्हणजे १८० मिलिलिटरचं माप, वजनात साधारण १५० ग्रॅम. जपानी माणूस दूध लिटरने आणतो, साखर किलोने आणतो, पण घरात तांदूळ मोजतो तो या जुन्या मापाने. कुकरही त्याच हिशेबात विकले जातात. आमचा साडेपाच गोंचा. पाऊण किलो तांदळाचा शिजून दीड किलोच्या वर भात होतो. त्यात बारा ओनिगिराझू, म्हणजे नोरी या वाळवलेल्या शेवाळाच्या कागदात बांधलेल्या भाताच्या वड्या. मधोमध कापले की चोवीस तुकडे. आज इमारतीतल्या मुलांची कासाई रिंकाई पार्कला सहल आहे आणि तिखट डबा माझ्याकडे आलाय. टोकियोतल्या निशी-कासाईत सातारकर असल्याचे असे तोटे असतात.

पहिलं पाणी घालायचं आणि दोनदा हात फिरवून लगेच ओतायचं. कोरडा दाणा पहिलंच पाणी सगळ्यात हावरटपणे पितो. रेंगाळलात तर कोंड्याचा वास आत घेऊन बसतो. पुढची तीन-चार पाणी निवांत. मग निदान तासभर भिजवायचा. धुताना दाणे सांडू नयेत म्हणून मी हल्ली फारच जपते. २०२५ च्या वसंतात पाच किलोंची पिशवी चार हजार येनांच्या वर गेली, वर्षभरापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. त्याच मे महिन्यात कृषिमंत्री ताकु एतो जाहीरपणे म्हणाले की त्यांना तांदूळ विकत घ्यावाच लागत नाही, समर्थक आणून देतात. चार दिवसांत राजीनामा. तांदळावरून मंत्र्याची खुर्ची जाते हे पाहून मला या देशाबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटली.

सकाळी ७.१५

झुणका. या पदार्थात तिखटाचा प्रश्न सोपा आहे, पाण्याचा अवघड. भाताला ओल हवी, नोरीला ती सोसत नाही, आणि दोघांच्या मध्ये बसणारं सारण जर रसदार असेल तर तासाभरात सगळ्याचा लगदा. भारतीय मंडळी इथे हौसेने बटर चिकन भरतात, पनीर मखनी भरतात, आणि मग नोरीला नावं ठेवतात. आपल्याकडे भाकरीबरोबर फडक्यात बांधून शेतावर न्यायचा कोरडा झुणका आहे की! तो जन्मालाच प्रवासासाठी आलाय.

तेल नेहमीपेक्षा सढळ. मोहरी, जिरं, हिंग, हळद, बारीक कांदा पूर्ण मऊ होईपर्यंत, मग घरून आणलेला कांदा-लसूण मसाला. बेसन कालवून ओतायचं नाही. कोरडंच भुरभुरवायचं, पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवून वाफ आणायची, उलथन्याने मोकळं करायचं आणि पुन्हा हबका. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, सोडला तर फुटावा. ताटात पसरून पंख्याखाली ठेवला. डब्यात गरम सारण घातलं की आत वाफ धरते आणि दुपारपर्यंत आंबूस वास येतो, म्हणून तो पूर्ण गार झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

काकडीचे उभे काप मीठ लावून ठेवले. अंड्याची पातळ पोळी करून तीही निवायला ठेवली.

सकाळी ९.००

नऊच्या आधी खलबत्ता काढायचा नाही, हा आमच्या घरचा अलिखित नियम. खालच्या मजल्यावर आजी-आजोबा राहतात आणि या इमारतींच्या जमिनी पातळ. खलबत्त्याखाली दोन टॉवेलांची घडी. कुकर सुरू केला आणि मिरच्या तव्यावर टाकल्या. इथल्या सुपरमार्केटात मिळणारी शिशितो दिसते मिरचीसारखी, पण तिच्यात दम नाही. दहात एखादीच तिखट निघते. खऱ्या मिरच्या स्टेशनजवळच्या भारतीय दुकानातून. पंखा पूर्ण वेगाने लावला तरी ठसका लागलाच.

ठेच्यात शेंगदाणे नाहीत, तीळ आहेत. आईला हे पटत नाही. पण जपानमध्ये ज्या ॲलर्जीच्या पदार्थांची नावं पाकिटावर छापणं सक्तीचं आहे, त्यांत शेंगदाणा येतो, आणि परक्याच्या पोरांना खाऊ घालताना तो धोका कोण घेणार? अंडंही त्या यादीत आहे, पण अंडं कापल्यावर पिवळं दिसतं. ठेच्यातला शेंगदाणा दिसत नाही. गहूसुद्धा आहे, आणि आपल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. डब्यावर जपानीत चिठ्ठी लावली: अंडं, गहू, तीळ. तिखट.

सकाळी १०.००

कुकर वाजला. लाकडी फावड्याने तळापासून भात वर-खाली करायचा, म्हणजे जास्तीची वाफ निघून जाते. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिच्याकडे साडेसहा वाजलेले, हातात चहा.

"अगं, गरम भात सोडून गार करून कसला खायचा?"

"आई, डब्यात नेणार आहे."

"मग फोडणी तरी दे."

फोडणी दिली तर तेलाने दाणे सुटे होतील आणि वडी बांधली जाणार नाही. तिला सांगितलं, मावळातला इंद्रायणी आठव, तसा चिकट पाहिजे. पुण्यात कुणाला करायचं असेल तर मी इंद्रायणीच सांगते. बासमती किंवा कोलमच्या वाटेला जाऊ नये. भातात फक्त मीठ. आणि हा भात फ्रीजमध्ये कधी ठेवू नये, थंडीत त्यातला स्टार्च आवळतो आणि दाणा खडखडीत होतो.

सकाळी १०.३०

आता नोरी. २१ सेंटिमीटर बाय १९ सेंटिमीटर, जेमतेम तीन ग्रॅम वजनाचा कागद, दहांचा एक गठ्ठा. एक बाजू चकचकीत, एक खरखरीत. माझी आरिआके समुद्रातली आहे, क्यूशूची.

खरं तर ती आमच्या दारातलीच असायला हवी होती. कासाईचा किनारा एकेकाळी नोरीसाठी नावाजलेला होता. १९६२ मध्ये इथल्या कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले, समुद्रात भराव पडला, १९७९ मध्ये निशी-कासाई स्टेशन सुरू झालं, आणि २००० च्या आसपास संगणकवाले भारतीय येऊन राहू लागले. मुलं आज ज्या पार्कात खेळणार आहेत, तोही भरावावरच १९८९ मध्ये उभा राहिला.

नोरीची शेती शेकडो वर्षं चालली ती आंधळ्या भरवशावर. उन्हाळ्यात हे शेवाळ नाहीसं होई आणि शरद ऋतूत पुन्हा कुठून येई, कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक त्याला नशिबाचं गवत म्हणत. युद्धानंतर पीक बसलं. कोडं सुटलं ते मँचेस्टरमध्ये. कॅथलीन ड्रू-बेकर या संशोधिकेने १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की कोंकोसेलिस नावाचं, शिंपल्यांच्या कवचात वाढणारं जे सूक्ष्म शेवाळ वेगळी जात समजलं जात होतं, ते याच कुळातल्या शेवाळाच्या आयुष्यातलं एक रूप आहे. लग्न झालं म्हणून विद्यापीठाने त्यांची पगारी नोकरी काढून घेतलेली होती. जपानी संशोधकांनी तो धागा पकडला आणि शिंपल्यांवर बी धरायला सुरुवात केली. बाई १९५७ मध्ये वारल्या, जपानला कधी आल्याच नाहीत. कुमामोतोतल्या उतो गावी देवळाच्या आवारात त्यांचं स्मारक आहे, आणि दर १४ एप्रिलला तिथे उत्सव होतो.

सकाळी ११.००

प्लास्टिकची फिल्म अंथरायची, तिच्यावर नोरी तिरकी, खरखरीत बाजू वर. हात भाताला लावायचा नाही, सगळं फिल्मवरून. कातडीवरचे जंतू मिठाला दाद देत नाहीत. भात कोमट हवा. कढत असला तर नोरी आक्रसते, गार असला तर चिकटत नाही. मधोमध भाताचा चौकोन, अंड्याची पोळी, तिच्यावर ठेच्याचं बोट, झुणका दाबून, काकडी घट्ट पिळून, पुन्हा भात. चारही कोपरे आत घेऊन पाकिटासारखी घडी, फिल्म आवळून दहा मिनिटं पालथी. ओनिगिरीसारखी भाताची वडी हाताने वळायची कटकट नाही. तोची उएयामा यांच्या ‘कुकिंग पापा’ या चित्रमालिकेत ही युक्ती १९९० च्या आसपास आली. २०१४ नंतर ती घरोघर पोचली.

सुरी ओली करून एका झटक्यात कापायची. काळं, पांढरं, पिवळं, हिरवं. नोरी कुरकुरीतच हवी असं म्हणणारा एक पंथ आहे. मी ओलसर, भाताला बिलगलेल्या नोरीच्या बाजूची. आणि असलं काही भरणं जपानी नव्हे म्हणणाऱ्यांना मी ट्यूना-मेयोची आठवण करून देते. दुकानातली ती लाडकी ओनिगिरी सेव्हन-इलेव्हनने बाजारात आणली १९८३ मध्ये.

दुपारी १.००

वारा भन्नाट. सतरंजीच्या चार कोपऱ्यांवर बूट. भारतीय पोरांनी झुणका कोरून खाल्ला आणि भात ठेवला, जपानी पोरांनी उलटं केलं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी आधी चिठ्ठी वाचली, मग अर्धा तुकडा खाल्ला, पाणी प्यायल्या, उरलेला अर्धाही खाल्ला. गार टोफूवर घालायला ठेचा बाटलीत भरून मिळेल का, असं विचारलं. मिळेल म्हटलं, पण मग खलबत्त्याचा आवाज सोसावा लागेल.

"तो तर दर शनिवारी येतोच," त्या म्हणाल्या.