दया कुणाची, इच्छा कुणाची?

"इच्छापत्र ना? प्रॉपर्टी काय काय आहे?" नोटरींनी मान वर न करता विचारलं. कोर्टाच्या आवारातलं पत्र्याचं शेड, टेबलावर स्टॅम्प पॅड, लाल सीलची चळत आणि अर्धा प्यालेला कटिंग.

"प्रॉपर्टीचं नाही, व्हेंटिलेटरचं," मी म्हणालो. तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढला.

त्यांचा दोष नाही. मराठीत इच्छापत्र म्हणजे मृत्युपत्र, आपण गेल्यावर उघडायचा कागद. मी आणलेला कागद आपण जिवंत असताना, पण बोलू शकत नसताना वाचायचा. शब्दांचा असा घोळ या विषयात पहिल्यापासून आहे. आपण इच्छामरण आणि दयामरण हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पहिल्यात मरणारा बोलतो, दुसऱ्यात शेजारी उभा असलेला. या चळवळीचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे बराचसा या दोन शब्दांमधली ओढाताण आहे.

ब्रिटनमध्ये १९३५ साली डॉक्टर मंडळींच्या पुढाकाराने स्वेच्छामरण कायदेशीर व्हावं म्हणून संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड्सच्या सभागृहात विधेयक आलं. रुग्णाने स्वतः अर्ज करायचा, साक्षीदार आणायचे, मग परवानगी. राजवैद्य लॉर्ड डॉसन यांनी विरोध केला. हा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला नाजूक मामला, त्यात कायद्याने नाक खुपसू नये, असा त्यांचा सूर. विधेयक ३५ विरुद्ध १४ मतांनी पडलं.

याच डॉसननी त्याच वर्षीच्या २० जानेवारीच्या रात्री पंचम जॉर्ज राजाच्या मानेच्या शिरेत मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शनं दिली होती. राजा शेवटच्या घटका मोजत होताच, पण ते काही त्याने मागितलं नव्हतं. डॉसनच्या टिपणात एक कारण असंही आहे की बातमी सकाळच्या 'टाइम्स'मध्ये यावी, संध्याकाळच्या हलक्या पत्रांत नव्हे. हे टिपण जगापुढे आलं १९८६ साली. म्हणजे मागणाऱ्याला कायद्याने नाही म्हणायचं आणि न मागणाऱ्याला खासगीत देऊन टाकायचं. दया नेहमी अशी खासगीत काम करते, म्हणून मला तिची थोडी भीती वाटते.

तिचं सगळ्यात भेसूर रूप जर्मनीत दिसलं. १९३९ च्या ऑक्टोबरात हिटलरने सही केलेल्या आणि १ सप्टेंबर अशी मागची तारीख घातलेल्या पत्रात 'दयामृत्यू' हाच शब्द होता. बर्लिनमधल्या टिअरगार्टन रस्त्यावरच्या चार नंबरच्या इमारतीतून हे काम चाले. दोनेक वर्षांत सत्तर हजारांवर मनोरुग्ण आणि अपंग माणसं विषारी वायूने मारली गेली. त्यांच्या फॉर्मवर डॉक्टरांच्या खुणा होत्या. रुग्णाच्या होकाराला जागाच नव्हती. युद्धानंतर ही चळवळ कितीतरी वर्षं मान खाली घालून वावरली, ते उगीच नव्हे.

नेदरलँड्सने पुढे उलटी वाट धरली. एका डॉक्टरबाईंनी स्वतःच्या विनवण्या करणाऱ्या आईला मॉर्फिन देऊन मरण दिलं. १९७३ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, शिक्षा दिली एक आठवड्याची, तीही स्थगित. तिथून २००२ च्या कायद्यापर्यंत त्यांचा भर एकाच गोष्टीवर राहिला: विनंती रुग्णाची हवी, विचारपूर्वक केलेली हवी.

आपल्याकडे इच्छेचं कौतुक जुनंच. ज्ञानेश्वरांची समाधी, जैनांची सल्लेखना, १९६६ मध्ये सावरकरांचं प्रायोपवेशन, १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न-औषध नाकारून देह ठेवणारे विनोबा. तेव्हा भारतीय दंडविधानाचं कलम ३०९ होतं, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, पण विनोबांच्या आश्रमात पंचनामा करायला कोण जाणार? ते कलम भोवलं मुंबईच्या एका मनोरुग्ण पोलीस शिपायाला. बायकोच्या भाजीच्या गाळ्याच्या परवान्यासाठी खेटे घालून थकलेल्या या माणसाने महापालिकेत अंगावर रॉकेल ओतून घेतलं. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने त्याच्या खटल्यात ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते पुन्हा उभं केलं. मिनू मसानींनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी मुंबईत संस्था काढली ती १९८१ साली, म्हणजे हा वाद शहराला नवा नव्हता.

पण महाराष्ट्राला हा विषय माहीत झाला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयातल्या या पंचविशीतल्या नर्सवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला, कुत्र्याची साखळी गळ्याला आवळली. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. पुढची जवळजवळ ४२ वर्षं त्या केईएममध्येच होत्या. दयामरणासाठी अर्ज केला तो पत्रकार पिंकी विराणी यांनी. त्यांच्या मते हे जगणं नव्हेच. केईएमच्या नर्सेसचं म्हणणं, आमची अरुणा आहे, आम्ही तिला भरवतो, पुसतो, कूस बदलतो. इतक्या वर्षांत अंगाला बेडसोर झाला नाही, हा त्यांचा अभिमान होता. तो पोकळ नव्हता, हे बिछान्याला खिळलेल्या माणसाची चार महिने सेवा केलेल्या कुणालाही कळेल.

७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, जवळचं माणूस म्हणजे केईएमचे कर्मचारी, विराणी नव्हेत. अरुणांना मरण नाकारलं, पण त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाचं, म्हणजे उपचार काढून घेण्याचं दार उच्च न्यायालयाच्या परवानगीने किलकिलं केलं. १८ मे २०१५ ला अरुणा गेल्या, न्यूमोनियाने, शेवटचे दिवस व्हेंटिलेटरवर.

पेपरांनी तेव्हा 'इच्छामरण' असे मथळे दिले होते. पण त्या खटल्यात दोन दया समोरासमोर उभ्या होत्या. एक म्हणत होती सोडा, दुसरी म्हणत होती सांभाळू. अरुणांची इच्छा कुणालाच ठाऊक नव्हती, ठाऊक होण्याची सोयही नव्हती. मला विचाराल तर विराणींचा प्रश्न बरोबर होता आणि न्यायालयाने जवळचं माणूसही बरोबर निवडलं.

ती सोय झाली ९ मार्च २०१८ ला. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचा भाग, असं घटनापीठाने सांगितलं आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी होती, म्हणजे कागद होणारच नाही अशी व्यवस्था. २०२३ च्या जानेवारीत ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. बरं होण्याची आशा उरली नसेल तर डॉक्टरांची दोन मंडळं एकामागून एक तपासतात, मग यंत्र काढता येतं. इंजेक्शन देऊन मारणं आजही गुन्हाच आहे. हे कागद सांभाळायला स्थानिक संस्थांनी अधिकारी नेमायचे होते. मुंबईत ते घडलं डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेल्यावर.

आणि या दोन शब्दांत न मावणारं एक तिसरं मरण आहे. आमच्या एका काकांच्या बाबतीत ते मी पाहिलं. आयसीयूचा अकरावा दिवस, बिलाचा आकडा वाढलेला. चुलतभावाने 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहे' या ओळीखाली सही केली. सिस्टरने त्याला हाताने श्वास देणारी अंबू बॅग कशी दाबायची ते शिकवलं. गावापर्यंत तीन तास तो ती दाबत होता, हात बदलून बदलून. ओसरीवर आणल्यावर नळी काढली, काकूंनी तुळशीपत्र ठेवलं. इच्छामरण, दयामरण हे शब्द कुणी उच्चारले नाहीत. काकांची इच्छा काय होती? बिल निम्मं असतं तर सही झाली असती का? चुलतभावाला हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

वेदना कमी करणारी सोय जवळ असेल तर किती जण मरण मागतील, हाही प्रश्न आहेच. वांद्र्यात १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, पण असं ठिकाण तालुक्याच्या गावात शोधून सापडत नाही.

नोटरींनी माझा कागद पूर्ण वाचला. दोन साक्षीदार आणा, फोटो आणा, आधारची झेरॉक्स आणा. मग थोडं पुढे वाकून त्यांनी विचारलं, "हे आईच्या नावाने मला करता येईल का हो? तिला आता काही कळत नाही. सही मी करीन."

नाही येणार, मी सांगितलं. ज्याचं त्यानेच करायचं, शुद्धीवर असताना. वेळ आलीच तर तुम्हा घरच्यांना आणि डॉक्टरांच्या त्या दोन मंडळांना ठरवावं लागेल.

"म्हणजे माझ्यावरच आलं," ते म्हणाले. त्यांनी चष्मा चढवला आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचा भाडेकरार हातात घेतला.