दात काढण्याआधी ही नस ओळखा

वस्तीत दाढ दुखायला लागली की उपाय ठरलेले असतात. दाढेखाली लवंग धरायची, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या, मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची आणि तरीही थांबलं नाही तर दाढ काढून टाकायची. बहुतेक वेळा दुखणं दाढेचंच असतं, म्हणून आराम पडतो. पण वस्त्यांतून फिरताना आम्हाला अशीही माणसं भेटतात, की एक दाढ काढली, दुसरी काढली, तरी कळ तशीच. दाढा गेल्या, पैसे गेले, दुखणं जागेवर. अशा वेळी दोष दाढेत नसतो, चेहऱ्याच्या नसेत असू शकतो.

ही नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे. हा मज्जातंतू आहे, स्पर्शाची आणि वेदनेची बातमी मेंदूला पोचवणारी तार. मेंदूतून थेट निघणाऱ्या अशा तारांच्या 12 जोड्या आहेत. त्यांतली पाचवी जोडी म्हणजे ट्रायजेमिनल. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला एक, डाव्या बाजूला एक. प्रत्येकीला तीन फांद्या. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे जाते. दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे. तिसरी खालचा ओठ, हनुवटी, खालचे दात आणि जिभेच्या पुढच्या भागाकडे. चहा ओठाला चटकन भाजतो, डोळ्यात कचरा गेला की खुपतो, हे या नसेमुळेच कळतं. घास चावणारे स्नायूही हीच नस चालवते. दात आणि गाल एकाच तारेवर असल्यामुळे तार बिघडली तरी माणसाला वाटतं, दाढच दुखते आहे.

तार बिघडते कशी? बहुतेक रुग्णांत मेंदूजवळची एखादी रक्तवाहिनी या नसेला टेकलेली असते. तिच्या ठोक्यांनी नसेवरचं आवरण झिजतं. वायरीवरचं प्लास्टिक घासून निघालं की ठिणगी उडते, तसंच इथे होतं. साधा स्पर्शसुद्धा विजेचा झटका होऊन मेंदूपर्यंत जातो. या आजाराला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. तो पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आणि बहुधा पन्नाशीनंतर दिसतो. अभिनेते सलमान खान यांनी आपल्याला हा आजार झाल्याचं स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे.

दाढेचं दुखणं आणि नसेचं दुखणं यांत फरक आहे. किडलेली दाढ ठणकत राहते, रात्री झोपू देत नाही, गार-गरम लागलं की कळ येते, हिरडी सुजते. नसेची कळ विजेसारखी येते, काही सेकंद राहते, फार तर दोन मिनिटं, आणि जाते. थोड्या वेळाने पुन्हा येते. बहुधा एकाच बाजूला असते. तोंड धुताना, दात घासताना, घास चावताना, बोलताना, गालावर वारा लागला तरी ती उठते. गाढ झोपेत मात्र सहसा येत नाही.

दोन कळांच्या मधल्या वेळात माणूस ठणठणीत दिसतो. म्हणून घरात कुणी म्हणतं, ‘नाटकं करते,’ कुणी म्हणतं, ‘बाहेरचं आहे.’ तिकडे ती बाई कळेच्या धाकाने जेवण सोडते, बोलणं टाळते, वाळत जाते. तिच्यावर विश्वास ठेवा. ही वेदना खरी आहे आणि तिच्यावर औषध आहे.

दातांच्या डॉक्टरांकडे जरूर जा, एक्स-रे काढा. पण दात चांगला निघाला, तर तो काढू देऊ नका. ‘हे नसेचं असेल का?’ असं स्पष्ट विचारा आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूविकार विभागाची ओपीडी गाठा. साध्या दुखण्याच्या गोळ्या इथे चालत नाहीत. पहिलं औषध बहुधा कार्बामाझेपिन असतं. हीच गोळी फिटच्या आजारातही देतात, म्हणून ‘मला फिट येत नाही, ही कशाला?’ असं म्हणून ती टाकून देऊ नका. सुरुवातीला चक्कर येते, झोप येते. डॉक्टर मात्रा हळूहळू वाढवतात, मधूनमधून रक्त तपासतात. मनाने गोळी वाढवू नका, बंदही करू नका. मात्र अंगावर पुरळ उठलं किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर असाल, मूल हवं असेल किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगा. गोळीने भागलं नाही तर नसेवरचा दाब काढण्याची शस्त्रक्रियाही होते. तेव्हा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही बाजूंना कळ येत असेल, गाल बधिर राहत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर थांबू नका. अशा वेळी एमआरआय लवकर व्हायला हवा. तोंड एकाएकी वाकडं झालं, तर ते या नसेचं दुखणं नव्हे. तो लकवा असू शकतो. लगेच 108 ला फोन करा.

याच नसेवर नागीणही उठते. कपाळावर, डोळ्याभोवती एकाच बाजूला आग होऊन पाण्याचे फोड येतात. कांजिण्यांचा विषाणू नसेत दबून राहिलेला असतो, तो पुन्हा जागा होतो. मंत्र घालून किंवा गेरू लावून तो जात नाही आणि डोळा जाण्याचा धोका राहतो. गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत चांगलं.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद बरोबर न्या. कोणती बाजू, कळ किती वेळ राहते, कशाने उठते, आधी कोणते दात काढले, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून लिहून घ्या. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना वेळ थोडा मिळतो. तेवढ्यात आजार ओळखायला हा कागद फार कामाला येतो.