पहिलटकरीण आणि स्तनपान : पांढुर्णा-सौसर परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

स्तनपान ही नैसर्गिक क्रिया आहे, हे वाक्य आरोग्यविषयक प्रत्येक भाषणात ऐकू येते. ते खरेच आहे. परंतु त्यातून एक चुकीचा अर्थही काढला जातो. जे नैसर्गिक आहे ते आपोआप जमणारच असे गृहीत धरले जाते आणि ज्या पहिलटकरणीला ते पहिल्या दोन-तीन दिवसांत जमत नाही, तिच्यातच काही उणीव आहे असा निष्कर्ष घरातील मंडळी काढून मोकळी होतात. "हिला दूधच नाही" हा निकाल अनेकदा बाळ तीन दिवसांचे होण्याआधीच लागतो. त्यानंतर घरात बाटली आणि डबा येतो. बाळ बाटलीने पोट भरते, अंगावर कमी ओढते, त्यामुळे दूध खरोखरच कमी होते आणि निकाल बरोबर होता असे सर्वांना वाटू लागते.

वास्तविक अंगावर पाजणे हे आई आणि बाळ या दोघांनीही शिकण्याचे काम आहे आणि शिकणाऱ्याला शिकवणारा व सांभाळणारा लागतो. प्रस्तुत लेखात या कामातील अडचणी, त्यामागील कारणे आणि कुटुंबाची जबाबदारी यांचा पांढुर्णा व सौसर परिसराच्या संदर्भात विचार केला आहे.

परिसराची पार्श्वभूमी

पांढुर्णा आणि सौसर हे पूर्वी छिंदवाडा जिल्ह्याचे तालुके होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात समाविष्ट झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठीभाषक पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे येथे कार्यालयाची व दवाखान्याच्या फलकाची भाषा हिंदी, बाजाराची व शेजाराची भाषा मराठी आणि मुस्लिम घरांतून उर्दू, अशी भाषांची सरमिसळ आढळते.

ही गोष्ट बाळंतिणीच्या दृष्टीने किरकोळ नाही. सोयरीक नागपूर, काटोल, नरखेड, वरूडपर्यंत पसरलेली असते आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. मुलीची गरोदरपणातील नोंद एका राज्यात, प्रसूती दुसऱ्या राज्यात आणि चाळीस दिवसांचा चिल्ला संपला की पुन्हा पहिल्या राज्यात, असे घडते. तिला ओळखणारी आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका नेमक्या गरजेच्या दिवसांत जवळ नसते. माता व बाल संरक्षण कार्ड दोन्हीकडे जवळ ठेवणे आणि माहेरी पोहोचताच तेथील आशा कार्यकर्तीला कळवणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या शिफारशीनुसार जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी लावावे, सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि नंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील ७८.९ टक्के प्रसूती रुग्णालयात झाल्याचे आढळले. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. परंतु पहिल्या तासात दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ वरून केवळ ४१.८ टक्के झाले, म्हणजे जवळजवळ जागचे हलले नाही. सहा महिन्यांखालील बालकांपैकी निव्वळ स्तनपानावर असलेल्यांचे प्रमाण मात्र ५४.९ वरून ६३.७ टक्के झाले.

या आकड्यांचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. घरची सुईण गेली, रुग्णालयाची खाट आली. तरी पहिला तास आईच्या हाती आला नाही. तेव्हा दोष केवळ जुन्या रीतींचा आहे असे म्हणता येत नाही. सिझेरियननंतर आई एका खोलीत व बाळ दुसऱ्या खोलीत, प्रसूतिकक्षातील गर्दी, बाळ पाहायला आलेल्या नातेवाइकांची घाई, या सर्व गोष्टी त्यामागे असतात. कमरेत इंजेक्शन देऊन सिझेरियन झाले असेल व आई शुद्धीवर असेल तर, प्रकृती ठीक असताना, तेथेही बाळाला लवकर छातीशी लावता येते. घरच्यांनी डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवावे.

चीक आणि पान्हा

पहिल्या दिवसांतील घट्ट, पिवळसर दुधाला मराठीत चीक म्हणतात. हिंदी-उर्दूत त्यालाच खीस म्हणतात. ते प्रमाणाने थोडे असते आणि थोडेच असायला हवे, कारण पहिल्या दिवशी नवजात बाळाचे पोट एका वेळी चहाच्या चमचाभर दुधाने भरते. रोगप्रतिकारक द्रव्ये त्यात विपुल असतात. ते "जुने दूध" समजून पिळून टाकणे म्हणजे बाळाची पहिली लसच टाकून देणे होय. भरपूर दूध साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरते. पहिलटकरणीला आणि सिझेरियन झालेल्या आईला कधी एखादा दिवस अधिक लागतो. या मधल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते व सुमारे दोन आठवड्यांत भरून निघते. हा काळ सर्वसाधारण आहे. परंतु "दूध नाही" हा निकाल नेमका याच काळात दिला जातो.

दूध तयार होणे आणि दूध बाहेर येणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर अवलंबून असते. बाळ जितके ओढेल आणि स्तन जितका रिकामा होईल तितके दूध अधिक तयार होते. दुसरी ऑक्सिटोसिनमुळे घडते. तिलाच आपल्या भाषेत पान्हा म्हणतात. जनावर पाळणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. वासरू जवळ नसेल, माणूस परका असेल किंवा गाय बुजली असेल तर ती पान्हा चोरते. दूध असूनही देत नाही. भीती, वेदना, अपमान आणि चिंता यांनी स्त्रीचा पान्हाही लांबतो. म्हणून "दूध नाही, दूध नाही" असे बाळंतिणीच्या उशाशी बसून म्हणत राहणे हे निरीक्षण नसून अडथळा आहे.

पहिल्या आठवड्यातील अडचणी

पहिली अडचण बाळाने नीट पकडण्याची असते. केवळ बोंड तोंडात धरले तर आईला वेदना होतात आणि बाळाला दूध मिळत नाही. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडाभोवतीच्या काळ्या भागाचा मोठा अंश, विशेषतः खालचा, तोंडात गेलेला असावा. बाळाचे डोके, मान व पाठ एका रेषेत आणि पोट आईच्या पोटाला लागलेले असावे. बोंडांना पडलेल्या चिरा बहुधा पकड सुधारल्यावर भरून येतात. पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब लावून वाळू द्यावेत.

दुसरी अडचण छाती दाटून येण्याची. दूध उतरल्यावर स्तन दगडासारखे होतात व बाळाला पकडता येत नाही. अशा वेळी हाताने थोडे दूध काढून स्तन मऊ करावा व मग पाजावे. एखादा भाग लाल, गरम व दुखरा होऊन ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. परंतु बहुतेक वेळा पाजणे थांबवण्याची गरज नसते, थांबवल्याने त्रास वाढतो.

तिसरी अडचण रडण्याची. बाळ रडले की भुकेले आहे असेच समजले जाते. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते आणि संध्याकाळी तर वारंवार मागते. दूध पुरते की नाही याचा निर्णय रडण्यावरून करू नये. पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल व वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. उलट लघवी कमी होणे, बाळ सुस्त पडणे, पिणे सोडणे, ताप येणे किंवा कावीळ वाढणे ही तातडीने दवाखान्यात नेण्याची लक्षणे आहेत. काही मातांना खरोखरच दूध कमी येते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध देण्यात कमीपणा नाही. मात्र ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा आपल्याकडील जुन्या बोंडल्याने, उकळून स्वच्छ केलेल्या भांड्यातून द्यावे.

रीती आणि शरीअत

घुटी, मध, गुळाचे पाणी यांची सवय सर्व समाजांत आहे. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये असे वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगते, कारण त्यातून क्वचित का होईना जीवघेणी विषबाधा होऊ शकते. पांढुर्ण्याच्या मे महिन्यातील उन्हातही सहा महिन्यांच्या आतील बाळाला वेगळे पाणी लागत नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. पाणी प्यायला हवे ते आईने, आणि बाळंतिणीचे पाणी तोडण्याची रीत येथे सर्वाधिक नडते.

मुस्लिम घरांत बाळाच्या कानात अजान देणे व तहनीक करणे या सुन्नती आहेत. खजुराचा अंश टाळूला लावणे हे प्रतीकात्मक आहे. ते निरोगी व्यक्तीने, स्वच्छ हाताने, अगदी अल्प प्रमाणात करावे आणि अशक्त किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. परंतु बुजुर्ग येईपर्यंत दूध रोखून धरावे, असा आदेश कोठेही नाही. २०१६ साली केरळमधील कोझिकोड जिल्ह्यात एका पित्याने पाच अजान होईपर्यंत नवजात बाळाला दूध देऊ दिले नाही व प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. धर्माच्या नावाने चालणारी रीत आणि धर्म यांतील अंतर यावरून ध्यानात येते.

पवित्र कुरआनमधील सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे, हे बहुतेकांना माहीत असते. त्याच आयतीचा उर्वरित भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. पाजणाऱ्या मातेचे अन्नवस्त्र रीतीप्रमाणे पुरवणे ही पित्याची जबाबदारी आहे. कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकू नये. मुलाच्या कारणाने आईला त्रास दिला जाऊ नये. आणि दूध तोडायचे तर दोघांच्या संमतीने व विचारविनिमयाने तोडावे, असा तिचा आशय आहे. सूरह अत-तलाकच्या सहाव्या आयतीत घटस्फोटित पत्नीने मूल पाजल्यास तिला मोबदला देण्याचा आदेश आहे. याचा अर्थ असा की शरीअतने दूध पाजणे हे श्रम मानले आहेत व त्या श्रमांचा भार एकट्या आईवर ठेवलेला नाही. गरोदर व दूध पाजणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असल्यास रमजानचे रोजे पुढे ढकलण्याची सवलतही याच विचारातून आली आहे. ज्या घरात ही सवलत घेतल्याबद्दल सुनेला टोमणे ऐकावे लागतात, त्या घराने या आज्ञांचा पुन्हा अभ्यास करावा.

काम करणारी आई

१९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुटी देण्याची तरतूदही त्या कायद्यात होती. बोरगाव औद्योगिक क्षेत्रातील नोंदणीकृत कारखान्यात नोकरी करणाऱ्या स्त्रीला याचा उपयोग होतो. संत्र्याच्या बागेत किंवा कापूस वेचणीला रोजाने जाणाऱ्या आईला मात्र तो होत नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपयांचे साहाय्य आहे. पण ती रक्कम बुडालेल्या मजुरीची जागा भरून काढत नाही. अशा आईने सकाळी दूध हाताने काढून स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात थंड जागी ठेवल्यास सुमारे चार तास ते चांगले राहते. कडक उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ धरावा. घरात राहणाऱ्या सासूने किंवा नणंदेने ते वाटी-चमच्याने पाजावे. परंतु यासाठी सासूला हे दूध "शिळे" नाही याची खात्री पटलेली असावी लागते. म्हणून शिक्षण केवळ आईचे नव्हे, घराचे व्हायला हवे.

डब्यातील दुधाची जाहिरात करणे, आईला त्याचे नमुने वाटणे किंवा रुग्णालयातून त्याचा प्रचार करणे यांवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे व २००३ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक झाली. ही माहितीही कुटुंबापर्यंत पोहोचायला हवी.

समारोप

पहिल्या आठवड्यात पहिलटकरणीला चार गोष्टी हव्या असतात : बाळ सतत जवळ, पकड दाखवणारे एक जाणते माणूस, पोटभर अन्न-पाणी व झोप, आणि "दूध नाही" न म्हणणारे घर. यांपैकी पहिल्या दोन रुग्णालय व आशा कार्यकर्ती देऊ शकतात. उरलेल्या दोन नवरा, आई आणि सासूच देऊ शकतात. दर वर्षी १ ते ७ ऑगस्ट या स्तनपान सप्ताहात भाषणे बाळंतिणींसमोर होतात. ती पुरुषांसमोर व सासवांसमोरही व्हावीत. शाळांच्या पालक सभेत, महिलांच्या इज्तिमात, जुम्याच्या बयानात आणि तीही ऐकणाऱ्यांच्या घरच्या भाषेत, मराठीत व उर्दूत व्हावीत. शैक्षणिक संस्थांना हे काम सहज करता येण्यासारखे आहे, कारण पालक त्यांच्या दारात येतच असतात. पहिल्या बाळाच्या वेळी ज्या मुलीला आधार मिळतो, तीच पुढे आपल्या सुनेच्या उशाशी बसून वेगळे बोलते.