कादंबरीला वयाची अट हवी का?

सिनेमाला वयाचं प्रमाणपत्र लागतं, मग कादंबरीला का नको? पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. न्यूझीलंडने ही अट प्रत्यक्ष लावून पाहिली.

टेड डॉव यांच्या ‘इन्टू द रिव्हर’चा नायक ते अरेपा हा माओरी मुलगा. शिष्यवृत्ती मिळवून तो गावाकडून ऑकलंडच्या निवासी शाळेत येतो. तिथे त्याचं नावही सुटतं. तो ‘डेव्हन’ होतो. दादागिरी, अमली पदार्थ, शरीरसंबंध हे सगळं त्याच्या वाट्याला येतं आणि लेखक ते आडपडद्याविना सांगतो. २०१३मध्ये या कादंबरीला तिथला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार मिळाला. ‘फॅमिली फर्स्ट’ संघटनेने तक्रार केली आणि त्याच वर्षी १४ वर्षांखालच्या मुलांना ती देण्यास मनाई झाली.

ग्रंथालयांची पंचाईत झाली. खुल्या मांडणीवर पुस्तक ठेवलं, तर ते कुणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. शेवटी ऑकलंडच्या ग्रंथालयांनीच फेरविचार मागितला आणि २०१५मध्ये अट उठली. त्यावर पुन्हा तक्रार झाली आणि सप्टेंबरमध्ये अंतरिम आदेशाने पुस्तकाची विक्री आणि देवाणघेवाणच थांबली, अगदी प्रौढांसाठीही. आदेश मोडणाऱ्या व्यक्तीला ३,००० डॉलरपर्यंत दंड होता. ऑक्टोबरमध्ये सगळे निर्बंध हटले.

आपल्याकडे कादंबरीला वयाचं प्रमाणपत्र नाही. मुलांना अश्लील मजकूर विकणं मात्र गुन्हा आहे. त्यामुळे वाद थेट अश्लीलतेच्या खटल्यापर्यंत जातो. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ कथेसाठी चंद्रकांत काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९६९मध्ये ते निर्दोष ठरले. लैंगिक उल्लेख आहेत एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, संपूर्ण कृती पाहावी लागते, असं न्यायालयाने सांगितलं.

वयाच्या अटीत नेमकं हेच होत नाही. शिक्का प्रसंग मोजतो, पुस्तक वाचत नाही. छळ सोसणारी, शरीराबद्दल गोंधळलेली तेरा वर्षांची मुलं आपल्या घरांतही आहेत. त्यांच्यासाठी लिहिलेलं पुस्तक त्यांच्याचपासून कुलूपबंद करायचं, तर त्यांनी उत्तरं शोधायची कुठे? मोबाइलवर?

पालकांची काळजी मोलाचीच आहे. पुस्तकात काय आहे, याची स्पष्ट सूचना मलपृष्ठावर जरूर छापा. शाळेत पुस्तकं वाचणारा, मुलांना ओळखणारा ग्रंथपाल नेमा. आईवडिलांनीही ते पुस्तक वाचावं आणि मुलांशी त्यावर बोलावं. ही मेहनत कायद्यावर ढकलता येणार नाही.